शेवंताच्या मागं काय राहिलं

शेवंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी वावरात होते. तिचा पुतण्या एवढंच बोलला, "काकू गेली." मी हात धुतले आणि निघाले. रडले नाही. वय झालं होतं, अंथरुणाला खिळली होती... सुटली.

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघी शेजारणी. मी लग्न होऊन आले तेव्हा ती इथं दोन पावसाळे जुनी होती. पुढचा सारा जन्म आम्ही निंदण केलं, आज माझ्या वावरात, उद्या तिच्या. निंदताना प्रत्येकीनं एकेक ओळ धरायची, तिला पात म्हणतात. माझ्या शेजारची पात नेहमी तिची. मी मागं पडले की म्हणायची, "वच्छे, झोपली काय वं? तण गिळून टाकीन तुले." आणि बोलता बोलता माझ्या पातीतलंही उपटून द्यायची. तिला मूलबाळ झालं नाही. गावानं ते तिला कधी विसरू दिलं नाही.

शेवटची भेट तिच्या ओसरीवर, भर दुपारी. खाटेवरून समोरचं वावर दिसत होतं. तिनं विचारलं, "वच्छे, आपण कायले आलो वं या जगात?"

"निंदाले," मी म्हटलं.

ती हसली, मग खोकली. "पण तण तं संपलं नाही."

"ते नाही संपत. आपल्या आधीपासून हाय ते, मागूनही राहीन."

"मंग इतकं वाकलो कायले?"

"मधात कापसाची पराटी वाढली ना. तेवढंच आपल्या हाती."

"तुये लेकरं हायेत. माह्या मागं काय राह्यलं?"

अशा वेळी लोक देवाचं नाव घेतात. मला खोटा धीर देता येत नाही. मी तिचे पाय दाबत बसले... त्याच आठवड्यात ती गेली.

तेरावं झालं, पावसानं उघाड दिली, तेव्हा सुनेबरोबर सोयाबीन निंदायला गेले. सून म्हणाली, "आई, उपटलेलं तण उलटं काहून ठेवता?"

"माती झटकाची, मुळं उन्हाकडं कराची. नाही तं ओलीत पडून पुन्हा जीव धरते."

सांगता सांगता हात थांबला. हे मला शेवंतानं शिकवलं होतं, पहिल्याच पावसाळ्यात, हातावर चापट मारून. तिनं विचारलं तेव्हा हे आठवायला हवं होतं. पण जे हातच करतात, ते कुठं आठवतं...

सून आता तसंच ठेवते. विसरली की मी चापट मारते. आम्ही निंदलेल्या ओळींत तण पुन्हा वर आलं आहे. उद्या सकाळी जायचं आहे.