पांढरी, काळी आणि साबणाची डबी

माझी मावशी गेली बत्तीस वर्षं व्हिडिओ गेमची मशीनं दुरुस्त करते आणि या बत्तीस वर्षांत तिने एकही गेम खेळलेला नाही. हे ऐकून लोक हसतात, आणि मला त्यांचा राग येतो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला कुणी विचारतं का, की तुम्हाला कुठे वेळेवर पोचायचंय?

दुकान मुळात काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं. ते रेडिओ दुरुस्त करायचे, आणि ते गेले तेव्हा रेडिओही जायला लागले होते. मग एक दिवस शेजारच्या न्हाव्याने त्याचं बंद पडलेलं गेमचं मशीन मावशीपुढे आणून ठेवलं. तिने ते उघडलं आणि तासभर नुसती बघत बसली. शेवटी म्हणाली, "अगं, केवढं डोकं लावलंय कुणीतरी यात." त्या दिवसापासून ती तशीच बघते आहे. मी दुकानात फोन घेते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. शांत राहायचं काम तिच्याकडे आहे.

त्या काळी कंपन्या दोनच होत्या, निदान आमच्या घरात तरी. एकीचं मशीन पांढरं, दुसरीचं काळं, म्हणून एक पांढरी आणि एक काळी. पुढे पांढरीने काळी मशीनं काढली आणि काळीने पांढरी, पण आमच्याकडे नावं चिकटली ती चिकटलीच. मावशीचा थोरला मुलगा पांढरीचा, धाकटा काळीचा. टीव्ही एक, त्याच्या मागे दोन वायरी, आणि त्या वायरींवरून रोज रणकंदन. पांढरीने कॅसेट काढली, तर काळीने सीडी. पांढरीने कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायची स्टिक दिली, तर काळीने दोन दिल्या. एकीने वायरच काढून टाकली, तर दुसरीचा कंट्रोलर हातात थरथरायला लागला. दर पाच-सहा वर्षांनी आदलं मशीन अडगळीत जायचं आणि पोरं मात्र अशी भांडायची, जणू दोन्ही कंपन्यांत यांची भागीदारी होती.

मावशीपुढे दोघींची मशीनं उघडी पडलेली असायची. भिंग डोळ्याला लावून ती म्हणायची, "हे बघ, हिने तिचं बघून केलंय. पण काय सुरेख केलंय." बाहेरच्या कुणी मशीन उघडू नये म्हणून दोघीही अधूनमधून स्क्रूचं डोकं बदलायच्या. मावशी सायकलच्या चाकाची तार घासून नवा स्क्रू-ड्रायव्हर करायची. असे एकोणीस आहेत तिच्याकडे. यातली चांगली कंपनी कुठली, असं कुणी विचारलं की ती सांगते, "जी माझ्याकडे कमी येते ती." आणि कमी कुठली येते? "आलटून पालटून." भिंतीला लागून तिचे सुट्या भागांचे खण आहेत, डावीकडे पांढरी, उजवीकडे काळी, प्रत्येक पिढीला एक खण. मी ते खण उघडते तेव्हा अजूनही आवाज खाली येतो माझा.

मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, पण रविवारची दुपार ठरलेली. दुकानामागच्या खोलीत दोघं भाऊ फुटबॉल खेळायचे, एका रविवारी पांढरीवर, पुढच्या रविवारी काळीवर. गेल्या वर्षी कारखान्यातल्या प्रेसमध्ये धाकट्याचा डावा अंगठा गेला. शेजारचं बोट वाचलं, पण त्यात जोर उरला नाही. तो बरा झाला, कामावर गेला. एका रविवारी मात्र काळीचं मशीन पिशवीत घालून घेऊन आला आणि म्हणाला, "आई, कुणाला तरी देऊन टाक." अंगठ्याशिवाय स्टिक हलत नाही. त्यानंतर थोरला दर रविवारी यायचा, भावाशेजारी बसायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि जायचा. दोघं एकमेकांशी इतकं गोड बोलायला लागले की मला धडकीच भरली.

मावशीने उजवीकडचे सगळे खण काढले आणि डोळे मिटून काळीची एकेक स्टिक करंगळीने ढकलून पाहिली. दोन दिवस हेच चाललं होतं. सगळ्या कडक. मग डावीकडचे खण निघाले. पांढरीच्या तिसऱ्या पिढीची स्टिक हाताला लागली तशी ती थांबली. ही इतकी सैल होती, की धाकटा तिला पडायला आलेला दात म्हणायचा.

"मावशी, काळीच्या मशीनला पांढरीची स्टिक?" मी म्हणाले. "तो हात लावणार नाही."

"बोटाला काय कळतंय कंपनी."

प्रवासात नेतात तसली साबणाची चपटी डबी तिने घेतली. झाकणाला भोक पाडून स्टिक त्यात बसवली, म्हणजे तळहात डबीवर टेकेल आणि दोन बोटांनी स्टिक हलेल. डबीतून सहा वायरी निघाल्या, केसाएवढ्या बारीक, आणि काळीच्या कंट्रोलरमध्ये मोहरीएवढ्या सहा ठिपक्यांवर सोल्डर झाल्या. मी दिवा धरून उभी होते. त्या दोन कंपन्यांच्या हजारो इंजिनिअरांनी जे कधी जुळू नये म्हणून जन्म घालवला, ते माझी मावशी जुळवत होती. मला श्वास घ्यायची भीती वाटत होती.

रविवारी तिने दोघांना बोलावलं. धाकट्याने डबीवर हात ठेवला आणि स्टिक पुढे ढकलली. पडद्यावरचा खेळाडू मागे आला. पुन्हा ढकलली, पुन्हा मागे.

"राहू दे, आई," तो म्हणाला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. थोरला जमिनीकडे बघत राहिला.

मावशीने डबी उघडली. "पांढरीवाले उलटं मोजतात. विसरले मी," ती म्हणाली, आणि तिने भिंग डोळ्याला लावलं. दोन वायरींची अदलाबदल करायला तिला पंधरा मिनिटं लागली. मग मी बाहेर गेले.

"तुझी आई बत्तीस वर्षांत पहिल्यांदा चुकली आहे, आणि ती तुझ्यापायी," मी म्हणाले. "ऊठ."

तो उठला. या वेळी खेळाडू पुढे गेला. वळला. धावला. थोरल्याने दुसरा कंट्रोलर घेतला आणि सामना झाला. धाकटा चार-एकने हरला. तो नुसता बोटाने स्टिक हलवून बघत होता.

"आई, ही पांढरीची आहे ना? तिसरी?"

"हो."

"तरीच हरलो."

थोरल्याने मान वर केली. "खेळता येत नाही म्हणून सांग. स्टिकला कशाला बोलतोस?"

"पडायला आलेला दात आहे हा."

"त्याच दाताने एक गोल केलास. तुझ्या कंपनीकडे होती का एक तरी धड?"

"माझ्या कंपनीने दोन स्टिका दिल्या तेव्हा तुझी झोपली होती."

मग आवाज चढले. कॅसेटच्या काळातली उणीदुणी निघाली, कुणी कुणाची सीडी ओरबाडली तेही निघालं. दोघांच्या बायका दारात आल्या. मी मध्ये पडायला निघाले तर मावशीने माझा हात धरला. ती त्यांच्याकडे पाठ करून बसली होती आणि डोळे पुसत होती.

"पुढच्या रविवारी माझ्या मशीनवर ये," थोरला ओरडला, "मग बघतो."

"येतो. घाबरतो काय?"

मावशीने डावीकडचा खण ओढला. "पांढरीच्या कंट्रोलरला वेगळी जोडणी लागेल," ती मला म्हणाली. "जाऊन साबणाची आणखी एक डबी घेऊन ये."