मोठ्या आवाजाचे पापनिवेदन

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना वंदन करून, माझ्या हृदयाच्या शस्त्रक्रियेआधीच्या शनिवारी मरोळच्या आमच्या चर्चमध्ये जे घडले ते लिहितो.

आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज तेव्हा गुण होता. पुढे कान गेले आणि तोच आवाज मला आवरेना. पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे आपली पापे सांगायला, मधल्या जाळीजवळ गेलो की कानातले यंत्र शिट्टी वाजवते. काढून ठेवले तर आपण किती मोठ्याने बोलतो आहोत हेच कळत नाही. या लाजेपायी मी पापनिवेदन सोडले, आणि त्याशिवाय घेऊ नये म्हणून मिस्सेतला ख्रिस्तप्रसादही. फादरांकडे वेगळी वेळ मागता आली असती. मी मागितली नाही.

सोमवारी छाती उघडणार होते. मनातले ओझे तसेच घेऊन त्या टेबलावर निजण्याचे धैर्य मला नव्हते.

पापनिवेदनाच्या रांगेत चार-पाच बायका होत्या, आणि त्यांत माझ्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी. मला सांगायचे होते ते त्याच घराविषयी. भावाशी धरलेला अबोला मी त्याच्या मरणापर्यंत सोडला नव्हता. वहिनीला पाहताच मी मागे वळलो. बरोबर आलेल्या माझ्या पत्नीने बाही धरली.

"अहो, आत्ता घरी गेलात तर परत याल का?"

वहिनी म्हणाली, "भावोजी, तुम्ही पुढे व्हा. आजारी माणसाला कशाला उभं ठेवायचं?"

आत जाऊन गुडघे टेकले, यंत्र खिशात ठेवले आणि बोलू लागलो. जाळीपलीकडून फादरांनी हाताने 'हळू' अशी खूण केली. काही वाक्यांनंतर पुन्हा तीच खूण. याहून हळू कसे बोलावे, ते मला उमगेना. प्रत्येक शब्द वहिनीपर्यंत जात असणार. भावाचे नाव ओठांवर आले आणि मी थांबलो. मग डोळे मिटून सारे सांगून टाकले.

फादरांनी जाळीशी तोंड आणून मला ऐकू येईल अशा स्वरात क्षमावचन उच्चारले. प्रायश्चित्त दिले: भावाच्या घरी जाऊन ये.

बाहेर आलो तर साऱ्या बायकांचे ओठ हलत होते. यंत्र कानात घातले. टिपेच्या स्वरात जपमाळ चालली होती, आणि ती सांगत होती वहिनी.

"झालं का, भावोजी? आमचे घसे बसले."

"वहिनी, काही ऐकू आलं?"

"आम्ही देवाच्या आईशी बोलत होतो. तुमचं ऐकायला वेळ कुणाला?"

ती हातातल्या मण्यांकडेच पाहत होती. तिने ऐकले की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

"आज तुमच्याकडे चहाला आलो तर चालेल?"

"चहालाच का? जेवूनच जा. फक्त तिथं जरा हळू बोला, शेजारी नवीन आहेत."

तिच्या स्वयंपाकघरात बसून जेवलो. रविवारी ख्रिस्तप्रसाद घेतला.

वाचकहो, तुमच्या घरातला कुणाचाही अबोला मरणापर्यंत न टिको. प्रभूची शांती तुमच्या उंबरठ्याच्या आत नांदो आणि तुमच्या लेकराबाळांवर त्याची कृपादृष्टी अखंड राहो.