अर्धा आटा

तात्या वायरमननी चाळीस वर्षं गावात वायरिंग केलं. "माझं काम परत दुरुस्तीला येत नाही," हे दिवसातून एकदा तरी म्हटल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. गुडघ्यांनी दगा दिला आणि शिडी लेकीकडे गेली. लेक एसी दुरुस्तीचं शिकून आलेली, हातात सफाईही. पण गिऱ्हाइकं फोनवर विचारत, "तात्या येणार ना?" मग तात्यांनाही जावं लागे, आणि बोलणं सगळं त्यांच्याशीच होई. लेकीला ते लागायचं. तात्यांना ते दिसायचं आणि आत कुठेतरी सुखावायचंही, हे कबूल करायला हवं.

मास्तरीणबाईंकडे तेच झालं. घरात महिन्याभराची जुळी नातवंडं, उकाड्याने रडून लाल झालेली, आणि एसी लावला की वीस मिनिटांत ब्रेकर खटकन खाली. दोन मेकॅनिक येऊन गेले होते. एकाने एसी धुतला, दुसरा म्हणाला मोठा ब्रेकर टाकू.

"मोठा नको," लेक म्हणाली. "भिंतीतली वायर जळेल आणि ब्रेकर नुसता बघत बसेल."

"तात्या, तुम्ही सांगा हो," बाई म्हणाल्या.

लेकीने मीटर लावला. एसी हवी तेवढीच वीज घेत होता, म्हणजे त्याचा दोष नाही. ब्रेकर पडेपर्यंत ती वाट बघत बसली. मग मेन स्विच बंद करून तिने बोर्ड उघडला. ब्रेकर चांगलाच तापला होता आणि वायरचं टोक काळं पडलं होतं. तिने स्क्रूला पेचकस लावला, तर तो सहज फिरला.

तात्यांनी वाकून पाहिलं. बोर्ड त्यांच्याच हातचा होता. स्क्रू पूर्ण आवळायचा आणि अर्धा आटा मागे घ्यायचा, म्हणजे आटे झिजत नाहीत, ही त्यांची खास पद्धत. लेकीने ती कधी मानली नाही, यावरून दोघांची कितीदा तरी जुंपली होती.

लेकीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बाईंना म्हणाली, "जुना झाला की होतो स्क्रू सैल. चालायचंच."

पोरगी बापाची लाज राखत होती. बाईंनी दिलेला चहा संपवून गुपचूप घरी जाता आलं असतं. तात्यांनी कप खाली ठेवला.

"सैल झाला नाही बाई, मीच सैल ठेवला होता. ढिल्या जागी वायर तापते आणि त्या उष्णतेने ब्रेकर पडतो. हिलाही मी हेच चुकीचं शिकवत होतो, हिने ऐकलं नाही म्हणून निभावलं. यापुढे हिलाच विचारत जा."

लेकीने काळं टोक कापलं, नवं सोलून घट्ट आवळलं. तासभर एसी चालला, जुळी ढाराढूर झोपली. बाई हळूच म्हणाल्या, "पोरी, स्वयंपाकघरातला पंखाही बघतेस का गं?" तात्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. इतका आनंद तात्यांना स्वतःच्या कौतुकाने कधी झाला नव्हता.

रस्त्यात ते म्हणाले, "आता गावभरचे स्क्रू आवळायला हवेत. तू शिडीवर, मी खाली धरून."

"सुरुवात कुठून?"

"आपल्या घरापासून. मिक्सर लावला की ब्रेकर पडतो, आणि बारा वर्षं मी तुझ्या आईला म्हणतोय, तुला मिक्सर वापरता येत नाही."

लेक भर रस्त्यात पोट धरून हसली. "हे आईला मात्र तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली, "मी शिडीवर असेन."