डब्याच्या झाकणावरचा नंबर

आमचं घर नव्या जालन्यात आहे, कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून जी गल्ली जाते तिच्यात. घरावर पत्र्याची एक खोली आहे. ती आम्ही फक्त शिकणाऱ्या मुलींना देतो. मुलांना दिली तर दिवसभर वरखाली येणंजाणं होतं आणि मी तर परक्या माणसाला पाण्याचा तांब्याही दाराआडूनच देते. आमचे मालक सकाळीच बियाण्याच्या गोदामावर जातात ते दिवेलागणीला येतात. तोवर घरात मी एकटी. दाराच्या पडद्याआडून गल्ली बघत असते. कोण आलं, कोण गेलं, कुणाची गाडी उगीच थांबली, हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

वर मुली राहतात हे कुणाला सांगावं लागत नाही. दोरीवरच्या ओढण्या सांगतात, दाराबाहेरच्या चपला सांगतात. म्हणून मी ओढण्या आतल्या अंगाला वाळत घालायला लावते आणि जिन्यात मालकांचे जुने बूट काढून ठेवते. पोरी हसतात. हसू द्या.

गेल्या वर्षी वरच्या खोलीत दोघी होत्या. दिवाळीत एकीचं लग्न जमलं, ती गेली. दुसरी कुंभार पिंपळगावच्या पुढच्या एका खेड्यातली. तिचे वडील तेव्हाच तिलाही न्यायला आले होते. एकटी पोरगी कशी ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. ती दिवसभर रडली, जेवली नाही. शेवटी ते म्हणाले, राहा, पण तुझ्याबद्दल एक शब्द जरी कानावर आला तरी शिक्षण बंद. ती अट मी पडद्याआडून ऐकली होती. त्यानंतर पोरगी मान खाली घालून कॉलेजला जायची आणि मान खाली घालून परत यायची.

तिचा डबा गावाहून यायचा. आमच्याकडे ही रीत जुनीच आहे. सकाळी आई भाकरी-भाजी बांधते, वडील तो डबा बसच्या ड्रायव्हरजवळ देतात आणि जालन्याला पोहोचल्यावर ड्रायव्हर सगळे डबे उतरवून स्टँडवरच्या एका बाकड्यावर ठेवतो. शिकणारी पोरं-पोरी येऊन आपापला डबा उचलतात. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जातो. अशा कितीतरी लेकरांचं शिक्षण त्या बाकड्यावर झालं आहे. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

संक्रांतीनंतर मला पोरीचं काहीतरी बिनसलेलं दिसायला लागलं. ती वाळली. एका दुपारी गल्लीच्या टोकाला ती गायीपुढे काहीतरी टाकताना दिसली. ती आत गेल्यावर मी जाऊन बघितलं. आईच्या हातच्या पातळ भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. एक घाससुद्धा मोडलेला नव्हता. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते. मला वाटलं, ही कुणासोबत तरी हॉटेलात जेवते. फोन वाजला की ती दचकायची, बघायची आणि उशीखाली दाबायची. त्याने माझा संशय पक्का झाला.

मग मी कुणासोबत ते शोधायला लागले. कॉलेजच्या मागच्या फाटकाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, तिथला पोरगा मोबाईलचं रिचार्जही करून देतो. रिचार्जला नंबर सांगावा लागतो, म्हणजे गल्लीतल्या सगळ्या पोरींचे नंबर त्याच्याकडे. तो एक. तिला पावसात घरापर्यंत सोडणारा ऑटोवाला, तो दुसरा. आणि रोज लाल मोटरसायकलवर येऊन लिंबाखाली थांबणारा एक चष्मेवाला. तो बायकोला शिवणक्लासला सोडायला येतो असं नंतर कळलं. कळलं तरी माझा त्याच्यावरचा संशय पूर्ण गेला नाही. बायको आत गेल्यावर तो लगेच का जात नाही, हा प्रश्न राहतोच.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, तुला सगळं जग चोर दिसतं. मग मी त्यांना काही सांगितलं नाही.

एका सकाळी पोरगी जिन्यावरून उतरली आणि माझ्या चुलीशी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, एक भाकर देता का?"

मी म्हणाले, "तुझा डबा येतो की."

तिने ताट पुढे ओढलं. मी भाकरी थापत राहिले. तिने दोन भाकरी नुसत्या मिठासोबत खाल्ल्या, भाजी वाढेपर्यंतही थांबली नाही. हॉटेलात जेवणारी पोरगी अशी खात नाही, हे मला तेव्हाच कळलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तर तिला हुंदका फुटला.

मग तिने सांगितलं ते असं. कुणीतरी फोन करतो. डबा उचलून ती घराकडे निघाली की थोड्या वेळात फोन येतो. तिचं नाव घेतो, गावाचं नाव घेतो. आधी म्हणाला, मी तुमच्या गावाकडचाच आहे, वहिनीच्या माहेरचा. तिला वाटलं असेल पाव्हणा, म्हणून ती नीट बोलली. मग ओढणीचा रंग सांगायला लागला. त्याचा एक नंबर बंद केला तर दुसऱ्या नंबरवरून करायचा.

"आन् मावशी, मागं एक दिवस म्हणला, आज डब्यात मेथी हाये, आईला सांग तिखट कमी टाक म्हणून." ती अंग चोरून बसली होती. "मी घरी येऊन डबा उघडला. मेथीच होती. त्यानं माझा डबा उघडला होता मावशी. त्याच्यात काय टाकलं असलं काय ठावं? तवापासून मी खाल्लंच न्हाई."

मी विचारलं, घरी का नाही सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलं की आबा न्यायला येतेन. त्याला कोन काही म्हनणार न्हाई. मलाच नेतेन."

ती खरं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत स्टँडवर गेले. मी सहसा एवढ्या गर्दीत जात नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि एका खांबाला टेकून उभी राहिले. गाडी आली. ड्रायव्हरने डबे आणून बाकड्यावर मांडले आणि तो चहाला निघून गेला. डब्यांजवळ कुणीच नव्हतं. कुणीही यावं, कुठलाही उचलावा, उघडावा, ठेवावा.

पोरीचा डबा मी लांबूनच ओळखला. झाकणावर लाल ऑईलपेंटने मोठ्या अक्षरात तिचं पूर्ण नाव होतं. त्याखाली गाव, त्याखाली कॉलेजचं नाव आणि वर्ग. सगळ्यात खाली तिचा फोन नंबर. मी चौथी शिकलेली बाई. मला ते खांबापासून वाचता आलं, तर तिथे आणखी किती जणांना येत असेल. बाकीच्या डब्यांवरही असंच होतं. कुणावर मुलाचं, कुणावर मुलीचं.

मी माणसं बघायला लागले. पान-तंबाखूचा टपरीवाला बाकड्याकडे तोंड करून बसतो. एक म्हातारा शेजारी पेपर वाचत होता, पण त्याने बराच वेळ पान उलटलं नाही. गाड्या झाडणारा एकजण डब्यांच्या भोवती दोनदा फिरला. एक पोरगा शिट्टी वाजवत उभा होता, त्याला कुठल्याच गाडीत बसायचं नव्हतं. यातला कोण? सगळेच असू शकतात आणि कुणीच नसेल. पोरीने डबा उचलला तेव्हा मी सगळ्यांचे डोळे बघितले. चार-पाच जणांनी तिच्याकडे पाहिलं. पोरीकडे तर बघतातच, त्यावरून काय धरायचं?

त्या आठवड्यात तिचे वडील मोंढ्यात तूर घेऊन आले आणि माल उतरवून आमच्याकडे आले. पोरीसाठी ज्वारीचं पीठ आणलं होतं. तिला बघताच त्यांचा चेहरा उतरला. ती पाणी आणायला आत गेली तेव्हा ते पडद्याकडे न बघता मला म्हणाले, "ताई, खरं सांगा. पोरगी अशी का झाली? काही लफडं तर न्हाई ना?"

मी पडद्याच्या आत होते. गप्प बसले असते तर त्यांनी गप्प बसण्याचा अर्थ काढला असता.

"लफडं न्हाई भाऊ," मी म्हणाले. "तुमच्या डब्यावर पोरीचा नंबर लिव्हलेला हाये. तो कुन्ही तरी वाचला."

मग पोरीने सगळं सांगितलं. ते पिठाच्या पिशवीवर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, आधी एक डबा हरवला होता, म्हणून त्यांनीच ट्रॅक्टरवर नंबर टाकणाऱ्या पेंटरकडून झाकण रंगवून आणलं होतं. नाव मोठं टाक, असंही त्यांनीच सांगितलं होतं. त्यांच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच.

मला वाटलं आता निभावलं. पण ते उठले आणि तिला म्हणाले, "वळकटी बांध."

"आबा, मी काय केलं?"

"तू काही न्हाई केलं माय. पन इथं कसं ठेवू तुला?"

ती वर गेली. पत्र्याच्या खोलीतून अंथरूण गुंडाळल्याचा आवाज खाली येत होता. मी पडदा बाजूला केला. परक्या माणसासमोर मी अशी कधी उभी राहिले नव्हते.

"भाऊ, तुम्ही तिला न्याल. पन तिचा नंबर त्याच्यापाशीच राहील. तुमच्या गावात फोन लागत न्हाई का? आन् त्या बाकड्यावर तुमच्याच गावच्या दुसऱ्या पोरींचे डबे हायेत. त्यांच्या बापाला काय सांगनार?"

ते उभेच होते. मग खाली बसले आणि पोरीला हाक मारून तिचा फोन मागून घेतला. तो मांडीवर ठेवून बसून राहिले. मी चहा ठेवला, तो तसाच गार झाला. दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी होता. त्यांनी उचलला, कानाला लावला आणि समोरच्याचं बोलणं ऐकून घेतलं. त्याने काय म्हटलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मान मात्र ताठ झाली.

"मी तिचा बाप बोलून राह्यलो," ते म्हणाले. "डबा मी धाडतो. काय पाहिजे तुला त्यातलं?"

पलीकडून फोन बंद झाला.

संध्याकाळी मालक आल्यावर आम्ही चौघं पोलीस चौकीत गेलो. तिथल्या बाईंनी तक्रार पोरीच्या नावाने लिहायला घेतली. पोरीने माझा हात घट्ट धरला. तिचं नाव चौकीत गेलं की गावात काय पोहोचेल ते तिला माहीत होतं. वडील म्हणाले, "माझं नाव घाला. डबा माझा हाये." त्या बाईंनी वर बघितलं. मुलीचा जबाब लागेलच, पण तो आपण आत बसून घेऊ, असं म्हणून त्यांनी तिला आत नेलं.

परत आल्यावर वळकटी जिन्याच्या पायथ्याशी तशीच होती. वडिलांनी ती उचलली. ते ती घेऊन जिना चढले, वर ठेवून खाली आले आणि शेवटची गाडी पकडायला निघून गेले. मला एवढंच म्हणाले की परीक्षा होऊ द्या, पुढचं पुढं बघू.

फोन यायचे थांबले. पोलिसांनी शोधलं तर त्याचा नंबर दुसऱ्याच कुणाच्या कागदांवर घेतलेला निघाला. तो माणूस कोण ते कळलं नाही. पोरगी आता माझ्याकडेच जेवते. पुढच्या वर्षाचं तिच्या वडिलांनी अजून काही सांगितलेलं नाही. तीही विचारत नाही.

परवा दुपारी वर तिचा फोन वाजला. आईचा असला की ती जिन्यात बसून मोठ्याने बोलते. त्या दिवशी तिने आत जाऊन दार लोटून घेतलं. मी कणकेचे हात तसेच घेऊन जिन्याशी गेले. शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने ती हसली. मैत्रीण असेल. मैत्रीणच असेल. तरी तिचं बोलणं संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.