युसूफला काय सांगायचं

माझे सासरे, मोरेश्वर तावरे, आमच्याकडे आयर्लंडमध्ये, ओंगारला राहायला आले ते २०१४च्या जूनमध्ये. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि माझी बायको स्नेहलता त्यांची एकुलती एक. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. मोरगावजवळच्या एका वाडीत जन्मलेला, लष्करात आणि मग पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेला माणूस. दर शुक्रवारी दुपारी ते स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसत आणि एक फोन लावत. पलीकडे युसूफ असे, गाझातल्या रफाहचा.

माझी समजूत होती की हा रिटायर्ड माणसाचा विरंगुळा आहे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, दिवसभर मीटिंगा. त्यात अरब-इस्रायलची बोलणी कुठवर आली हे जेवताना ऐकायचा मला कंटाळा यायचा. खरी हकीकत मला स्नेहलतानं सांगितली.

१९६६ साली अण्णा बावीस वर्षांचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपली भारतीय तुकडी होती, तिच्याबरोबर ते गाझाला गेले. इजिप्त आणि इस्रायल यांच्या मध्ये उभं राहायचं, हेच त्या सेनेचं काम. अण्णा छावणीच्या टेलिफोन बोर्डावर बसत. तारा जोडायला तिथलाच एक लाइनमन होता, तो युसूफ. १९४८च्या लढाईत त्याच्या घरच्यांचं गाव सुटलं होतं, तेव्हापासून ते रफाहच्या निर्वासित वस्तीत राहत होते. दोघांची दोस्ती झाली; मोरेश्वरचं त्यानं 'मोरे' करून टाकलं. युसूफची बायको सलमा अण्णांसाठी भाकरी पाठवायची.

१९६७च्या मे महिन्यात इजिप्तनं शांतिसेनेला निघून जायला सांगितलं. युसूफच्या भावानं कुवेतमध्ये त्याच्यासाठी नोकरी पाहून ठेवली होती. सलमाला सातवा महिना होता. युसूफनं अण्णांना विचारलं, "तू बोर्डावर बसतोस. साहेब लोकांचं बोलणं तुझ्या कानावरून जातं. जाऊ की राहू?"

अण्णा म्हणाले, "यूएनचे महासचिव स्वतः कैरोला गेलेत. बोलणी चाललीत. दहा दिवसांत मिटेल."

युसूफ राहिला. पाच जूनला युद्ध पेटलं. परतीच्या तयारीत असलेल्या आपल्या तुकडीवरही तोफगोळे पडले, अण्णांच्या शेजारची माणसं गेली. उरलेल्यांना जहाजानं आणलं. युसूफचं काय झालं हे कळायला त्यांना सत्तावीस वर्षं लागली.

त्या सत्तावीस वर्षांत अण्णांनी एकही बोलणी सोडली नाही. १९६७च्या नोव्हेंबरचा सुरक्षा परिषदेचा ठराव, ७८चं कॅम्प डेव्हिड, ९१चं माद्रिद. प्रत्येक वेळी त्यांना वाटे, आता आपला शब्द खरा होईल, उशिरा का होईना. सासूबाई म्हणायच्या, "माझी सवत रेडिओत राहते." ९३ साली ऑस्लो करार झाला, तेव्हा त्यांनी एक्स्चेंजमध्ये पेढे वाटले आणि धीर करून युसूफच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं. पुढच्या वर्षी उत्तर आलं. सलमा युद्धाच्या त्या आठवड्यातच गेली होती, पोटातल्या बाळासकट. युसूफनं लिहिलं होतं, 'तू मनाला लावून घेऊ नकोस. मी पुन्हा लग्न केलं. मला हनान नावाची मुलगी आहे.'

अण्णांनी मनाला लावून घेतलं. पुढे २००० साली कॅम्प डेव्हिडची दुसरी बोलणी मोडली, 'रोडमॅप' नावाचा शांततेचा आराखडा आला आणि गेला, ॲनापोलिसची परिषद झाली. शुक्रवारचा फोन मात्र कधी चुकला नाही.

२०१४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं नऊ महिने चालवलेली बोलणी मोडली आणि जुलैमध्ये गाझात युद्ध सुरू झालं. अण्णांचं जेवण सुटलं. युसूफ पंचाहत्तरीचा, डायबेटिसवाला. हनान, तिचा नवरा आणि चौदा वर्षांची रिमा यांच्याबरोबर तो संयुक्त राष्ट्रांच्या शाळेत आसऱ्याला गेला होता. फोन चार-चार दिवस लागत नसे.

एक ऑगस्टला, शुक्रवारीच, सकाळी सहाला युद्धविराम सुरू झाला. बहात्तर तासांचा. मी चहा ठेवत होतो तेवढ्यात फोन वाजला. हनान होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"अंकल, इथे लाइट नाही, काही कळत नाही. खरंच थांबलंय का? बाबांचं इन्सुलिन घरी राहिलंय. जाऊन येऊ का?"

अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. "अंकल? अंकल?" ती विचारत राहिली. शेवटी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

माझ्या हातात मोबाइल होता, त्यावर बातमी होती. मी म्हणालो, "हो, थांबलंय. बहात्तर तास. दोन्ही बाजूंनी मान्य केलंय, यूएननं जाहीर केलंय. जाऊन या." आणि इकडे ऑफिसमध्ये कुणालाही कशावरही म्हणतात तसं मी वर म्हणालो, "यू विल बी ग्रँड," म्हणजे काही होत नाही, सगळं ठीक होईल.

मग मी ३९ नंबरची बस पकडून कामावर गेलो. युद्धविराम दोन-तीन तासही टिकला नाही. दुपारी जेवताना मी बातमी उघडली तर तिच्यात रफाहचं नाव होतं. लोक घरी परतले होते आणि त्याच घरांवर बॉम्ब पडत होते. मी डबा तसाच बंद केला.

तीन दिवस अण्णा फोनपाशी बसून होते. चौथ्या दिवशी युसूफनंच फोन केला. हनान आणि तिचा नवरा घरी गेले होते. दोघंही गेले. रिमा शाळेत आजोबांपाशी थांबली म्हणून राहिली.

"त्या दिवशी तिला कोणी सांगितलं जायला?" युसूफनं विचारलं.

मी समोरच उभा होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच सांगितलं," ते म्हणाले.

मग युसूफ म्हणाला, "दोनदा, मोरे," आणि त्यानं फोन ठेवला.

तेव्हाच फोन हिसकावून घेऊन 'मी बोललो होतो' असं म्हणायला हवं होतं. मी उभा राहिलो. नंतर अण्णांना म्हणालो, "मी त्यांना लावतो फोन. खरं सांगतो."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "त्येला गुन्हेगार एकच असू द्या, गिरीशराव. दुसरा कशापायी?"

त्यानंतर युसूफ अण्णांशी बोलला नाही. शुक्रवारी रिमा फोन उचलायची आणि म्हणायची, "आजोबा बाहेर आहेत." मागे त्याचा खोकला ऐकू यायचा. अण्णा तिला तब्येत विचारत, शाळा विचारत, आणि ठेवून देत.

अण्णांना इथे डिपेंडंट म्हणून राहायची परवानगी मिळाली आणि त्यांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. परराष्ट्र खात्याला, युरोपियन युनियनला, आमच्या भागातल्या खासदाराला. माझी मुलगी साक्षी टाइप करून द्यायची. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. एकदा तिनं विचारलं, "ग्रँडडॅड, डू दे एव्हर राइट बॅक?" ते म्हणाले, "येतं की. 'तुमचं पत्र मिळालं' म्हणून येतं." खासदाराच्या भेटीच्या दिवशी ते जवळच्या ब्लँचर्ड्सटाउनला त्याच्या ऑफिसात जाऊन रांगेत बसत. खासदार भला माणूस होता, ऐकून घ्यायचा. पण युसूफला डोळ्याच्या उपचारासाठी सीमेबाहेर जायचा परवाना मिळवणं त्याच्या हातात नव्हतं. तीन वेळा अर्ज केला, तीन वेळा फेटाळला गेला. २०१७च्या अखेरीस युसूफची दृष्टी गेली.

त्याच डिसेंबरात अमेरिकेनं जेरुसलेमला इस्रायलची राजधानी म्हणून मान्यता दिली. अण्णांनी बातमी पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "आता टेबलावर ठिवायला उरलं काय?" मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाऊस पडत होता. मी बाहेर जाऊन छत्री धरली तरी ते आत येईनात. रडत होते की पावसाचं पाणी होतं, मला ठरवता आलं नाही.

फेब्रुवारी २०१९मध्ये युसूफ अंथरुणाला खिळला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. त्या शुक्रवारी रिमा म्हणाली, "आजोबा विचारतात, तुमच्या गावात युरोपचे आणि अरबांचे मंत्री जमणार आहेत म्हणे. काय ठरतंय ते मोरे सांगेल का?"

साडेचार वर्षांनी त्यानं काहीतरी विचारलं होतं. अण्णांनी फोन टेबलावर ठेवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं.

मंत्र्यांची बैठक फिनिक्स पार्कमधल्या सरकारी बंगल्यात होती, आमच्यापासून बसनं अर्ध्या तासावर. मी रजा टाकली. अण्णांनी शांतिसेनेचं पदक कोटाला लावलं. "आत घेतील का हो?" बसमध्ये त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा "बघू" म्हणालो.

आत कोण घेणार! पोलिसानं अदबीनं अडवलं. अण्णांनी त्याला पदक दाखवलं, आपण कुठे होतो ते सांगितलं. त्याचा काका लेबनॉनमध्ये आयरिश शांतिसैनिक होता, म्हणून त्यानं अण्णांना बसायला आपल्या गाडीतली घडीची खुर्ची काढून दिली. पत्र घेतलं, पोचवतो म्हणाला. आम्ही तीन तास थांबलो. वारा हाडांत शिरत होता. काळ्या काचांच्या गाड्या एकामागून एक निघून गेल्या. प्रत्येक गाडीला अण्णा उठून उभे राहत होते, सवयीनं. शेवटी बाहेर पडणाऱ्या एका पत्रकार बाईंना मी गाठलं.

"काय ठरलं?"

"दोन राष्ट्रांचा तोडगा महत्त्वाचा आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. चर्चा चालू ठेवणार आहेत."

"आनि?" अण्णांनी मराठीतच विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं.

"एवढंच," त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

घरी येऊन फोन लावला. रिमानं तो युसूफच्या कानाशी धरला. त्याचा श्वास ऐकू येत होता, घरघर लागल्यासारखा.

"युसूफ," अण्णा त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मी गेलो होतो. दारापर्यंत गेलो. काही ठरलं नाही. पुन्हा बोलायचं, एवढंच ठरलं. मी तुला या वेळी खोटं सांगणार नाही."

पलीकडे फक्त श्वास. आणि मला ते सहन झालं नाही. मी पुढे वाकून म्हणालो, "युसूफचाचा, मी मोरेंचा जावई. हनानला 'जा' मी म्हणालो होतो. त्यांनी नाही. त्यांच्या तोंडून त्या दिवशी शब्दच फुटला नव्हता."

अण्णांनी माझी कॉलर धरली. त्या पंचाहत्तर वर्षांच्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. "गप बसा," ते म्हणत होते, "गप बसा, गप बसा!"

रिमा फोनवर आली. "आजोबांनी डोळे मिटलेत," ती म्हणाली. "ऐकलं की नाही, मला माहीत नाही."

नऊ दिवसांनी युसूफ गेला. शुद्धीवर आलाच नव्हता.

अण्णा माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "मला गावाकडं पोचवा." मे महिन्यात मी त्यांना मोरगावला सोडून आलो. स्नेहलता रोज त्यांना फोन करते. ते पाण्याचं बोलतात, गुडघ्याचं बोलतात. रफाहचं नाव त्यांच्यासमोर काढायचं नाही, असं त्यांनी तिला बजावलंय.

आता शुक्रवारी रिमाला मी फोन करतो. ती नर्सिंग शिकतेय. जूनमध्ये, बहारीनला गाझासाठी गुंतवणुकीची परिषद भरली होती त्या आठवड्यात, मी तिची माफी मागायला सुरुवात केली. तिनं मला थांबवलं.

"त्या दिवशी 'जाऊन या' म्हणणारा आवाज म्हाताऱ्या माणसाचा नव्हता," ती म्हणाली. "मी आईला चिकटून बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. आजोबांना मी कधी सांगितलं नाही. मोरेंवर त्यांना रागावता तरी येत होतं. तुम्हाला तर ते ओळखतही नव्हते."

तिला वॉर्डात जायचं होतं, तिनं फोन ठेवला.