मध्यंतरापर्यंतचा सिनेमा

१५ जून १९६६, बुधवार. काम होतं पटनोंदणीचं. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आम्हा शिक्षिकांना घरोघर फिरून सहा वर्षं पुरी झालेल्या मुलांची नावं लिहून आणावी लागत. दौंडात माझं ते दुसरं वर्ष. माझ्या वाट्याला रेल्वे लाइनीपलीकडची वस्ती आली होती. वही, शिसपेन्सिल आणि छत्री घेऊन मी आठला निघाले. लोकांना शाळा नको होती असं नाही. पण नाव लागलं की मुलाला रोज न्हाऊमाखू घालून वेळेवर पाठवावं लागतं, म्हणून पुष्कळ आया वय कमी सांगत. मी दात बघत असे. समोरचे दोन पडलेले असले की नाव लिहायचं, वाद घालायचा नाही.

दहा-बारा घरं झाल्यावर एका दारात एक बाई उंबऱ्यावर बसून झेंडूचे हार करत होती. मी वहीतून मान वर न करताच विचारलं, "सहा वर्षांचं मूल आहे का घरात?"

"हाय की. या बाई, सावलीत बसा." मग तिचा दोरा थांबला. "अगं बया, तू व्हय!"

मी वर पाहिलं. भुवईवरच्या भाजल्याच्या डागामुळे ओळख पटली. आम्ही बारा वर्षांनी एकमेकींशी बोलत होतो.

आम्ही दोघी शिरूरच्या. मी मिशनच्या आवारात वाढले. वडील तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिच्या वडिलांचा घोड नदीच्या काठी फुलांचा मळा होता. ती आमच्या आवारातल्या शाळेत यायची आणि सहावीपर्यंत आम्ही एका तरटावर बसलो. गणितात ती माझ्या पुढे होती. सातवीची फायनल पास झाली की मास्तरीण होता येतं, हे आम्हा दोघींना कळलं होतं आणि दोघींनीही तेच ठरवलं होतं. माझ्या घरी त्याला कोणाची ना नव्हती. तिच्या घरी, सातवीपर्यंत बघू, एवढंच कबूल झालं होतं. तिच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा वाईट नव्हते. लेक बाहेर काय करते हे लोकांनी येऊन सांगू नये, इतकीच त्यांची अट होती.

१९५४च्या मार्चमध्ये नदीकडच्या माळावर सिनेमाचा तंबू आला. संध्याकाळी पहिला खेळ सुरू करण्याआधी तंबूचा मालक मशिनीला हार घालून नारळ फोडायचा. हार आप्पांच्या मळ्यातून जायचा आणि तो पोचवायचं काम तिच्याकडे होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी मालक तिला म्हणाला, "बघायचं असेल तर पडद्यामागं बस, पुढं बसू नकोस." तिनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं.

आमच्याकडे सिनेमाला सक्त बंदी होती. मी घरी सांगितलं, आमच्या बाई आजारी आहेत, त्यांचं पाणी भरून येते. बाई खरंच आजारी होत्या. पाणी मात्र त्यांचा भाचा भरत होता.

पडद्यामागे आम्ही दोघीच. पुढच्या माणसांचे खोकले ऐकू यायचे. चित्र सगळं उलटं दिसायचं. सिनेमाचं नावही उलटं आलं, वाचून होईपर्यंत गेलंसुद्धा. बोलणं हिंदी, ते निम्मं समजायचं. सिनेमातले सगळे डाव्या हातानं जेवत, डाव्या हातानं लिहीत.

"शहरातली समदीच डावरी असत्यात का गं?" तिनं विचारलं.

"आपण मागं बसलोय म्हणून."

"मग जा की पुढं, शहाणे."

गोष्ट दोन मुलांची होती. एक लोहाराचा, एक वकिलाचा. दोघांची गट्टी. मास्तरांच्या घड्याळात टिकटिक कोण करतं ते बघायला म्हणून ते टेबलावरचं घड्याळ उचलतात आणि ते विहिरीत पडतं. मास्तर लोहाराच्या मुलाला उभं करतात. हातात छडी. "तेरे साथ कौन था?" पडदाभर त्या मुलाचं तोंड दिसतं, ओठ हलतात, आणि मध्यंतर. मध्यंतराला बत्त्या लागायच्या, आम्ही दिसलो असतो. शिवाय घरी जायला हवंच होतं. आम्ही तंबूच्या कनातीखालून निघून पळत सुटायचो.

असं आम्ही चार संध्याकाळी केलं. तोच सिनेमा, तिथपर्यंतच. चौथ्या दिवशी आम्हाला संवाद पाठ होते, पण तो मुलगा नाव सांगतो की नाही ते माहीत नव्हतं.

"न्हाई सांगत," ती म्हणाली. "सांगितलं तर म्होरं शिनेमात काय उरंल?"

तिसऱ्या दिवशी तिला उशीर झाला म्हणून आप्पांनी दारातच अडवलं होतं. ते तिनं मला शाळेत हसत हसत सांगितलं. "आप्पा म्हणलं, कुणासंगं व्हतीस? मी म्हणलं, एकलीच. हार घ्यायला मालकच नव्हता जाग्यावर. एक बसली पाठीत. पर हात फुलांचा हाय आप्पांचा, लागत न्हाई."

दर रविवारी दुपारी देवळात आम्हा मुलींची सभा असायची. चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू. सभेत ज्या मुलीला वाटेल तिनं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आपलं चुकलं असेल ते सगळ्यांसमोर सांगून क्षमा मागायची. बहुतेक साक्षी गुळाच्या खड्याच्या किंवा धाकट्या भावाला चिमटा काढल्याच्या असत. त्या रविवारी मी उभी राहिले. आजारी बाईंचं नाव सांगून मी सिनेमा बघितला, हे मला सोसवत नव्हतं. एवढं सांगून बसले असते तर चाललं असतं. पण अर्धी साक्ष ही लबाडीच, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मी शिकवलेलं मन लावून शिकणारी मुलगी होते. मी तंबू सांगितला, पडदा सांगितला, चार दिवस सांगितले, आणि तिचंही नाव सांगितलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीनं, मला जवळ घेतलं. मेंढपाळ येशूचं रंगीत कार्ड दिलं. घरी वडील म्हणाले, "खरं बोललीस, बरं केलंस." मला मारही बसला नाही. रात्री छान झोप लागली.

सोमवारी पाळकीणबाई मळ्यात गेल्या. त्यांचा हेतू चांगला होता. वयात येणारी मुलगी, तंबूत नाही नाही ते लोक, आईबापांना माहीत असलेलं बरं, एवढंच त्या बोलल्या असणार. मंगळवारी ती शाळेत आली नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी तिची वही आणि पुस्तकं तरटाखालून काढून मी मळ्यात गेले. आप्पा मोटेपाशी होते. मला पाहून रागावले नाहीत, तेच अवघड गेलं.

"आप्पा, ती उद्या येईल ना? परीक्षा आहे."

"परीक्षा झाली की तिची, बाळ." त्यांनी पुस्तकं घेऊन बांधावर ठेवली. "तंबूत बसून मास्तरीण व्हत्यात व्हय कुणी? आन् परत्येक गोष्ट गावाकडनं ऐकायची तर बापानं तोंड कुठं न्यावं?"

ती वाफ्यात फुलं तोडत होती. मी बांधावरूनच म्हणाले, "मी सगळं खरं सांगितलं, म्हणून माझंही नाव आलं की."

तिनं परडी कमरेवरून खाली ठेवली. "मला आप्पांनी इचारलं तवा मी तुझं नाव घेतलं न्हाई," ती म्हणाली. "तुला तर कुणी इचारलंबी नव्हतं." आणि पुढच्या ओळीत गेली.

त्यानंतर ती रस्त्यात दिसायची, डोक्यावर फुलांची पाटी असायची. दोन-तीन वर्षांत लग्न होऊन गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. मी फायनल पास झाले, पुण्याला ट्रेनिंग केलं, नोकरीला लागले. आमची गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं तीत माझं काही नव्हतं.

दौंडात तिनं मला गुळाचा चहा दिला. नवरा रेल्वेच्या लोको शेडमध्ये इंजिनं पुसणारा खलाशी होता. तो कामावर गेला की ती स्टेशनासमोर हार विकायची. आप्पा तीन वर्षांपूर्वी गेले होते. तिनं हे सगळं दोरा ओढता ओढता सांगितलं.

"त्याचा शेवट कळला का गं?"

"कशाचा?"

"शिनेमाचा. पोरगं नाव सांगतंय का न्हाई?"

"नाही कळला. परत लागला असला तरी ओळखणार कसा? नाव कुठं माहीत होतं?"

"व्हय, उलटं व्हतं." ती हसली. मीही हसले. तिनं हाक मारली तशी आतून एक मुलगी आली. समोरचे दोन दात पडलेले.

"बाई, तुमच्याकडं छडी हाय?" मुलीनं विचारलं.

"आहे."

"मारता?"

"चुकलं तर."

"आमची आय न चुकताबी मारती."

"गप, भवाने," आई म्हणाली. मग माझ्या वहीकडे बघून, "लिही हिचं नाव. हिला पार फायनल करायची हाय. माझ्यावाणी मधीच उठवायची न्हाई."

मी नाव लिहिलं. लाइनीपलीकडची सगळी मुलं माझ्या वर्गात, पहिली अ-मध्ये यायची होती. ते मी तिला सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं हाराची गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

"तुझ्या वर्गात नको."

मी पेन्सिल वहीत ठेवली.

"राग न्हाई माझा. बारा वरसं झाली, कशाचा राग? पर पोरगी खोडीची हाय. कायतरी करणारच. तू घरी येऊन सांगशील. खरंच सांगशील, खोटं न्हाई सांगायची तू, पर हिचा बाप आप्पांच्याच वळणाचा हाय. एकदा ऐकलं की दुसऱ्या दिशी घरी बसवील. मग मी काय करू?"

"मी नाही सांगणार."

"सांगणार न्हाई म्हणतीस. पर तुझं तुला सोसायचं न्हाई." तिनं पुढचं फूल घेतलं. "दुसरा वर्ग असंल ना?"

दुसरा वर्ग होता. पहिली ब-च्या बाई वर्गात स्वेटर विणत आणि मुलांकडून लोकरीचे गुंडे धरून घेत. त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं वर्ष संपलं तरी बाराखडीपाशी असत. मी हे तिला सांगितलं. खरं होतं.

"शिकंल तितकं शिकंल. उरलेलं मी घेते करून," ती म्हणाली. "बेरजा येत्यात मला अजून." मग उठून तिनं चहाची कपबशी उचलली, आणि इतक्या वेळानं पुन्हा अहोजाहो करत म्हणाली, "चला बाई, तुमची घरं राहिली असतील."

माझी एकोणीस घरं राहिली होती. ती मी दुपारी दोनपर्यंत संपवली.

गुरुवारी सकाळी साडेसातला मी शाळेत गेले आणि वर्गवार याद्या शाईनं उतरवल्या. तिच्या मुलीचं नाव पहिली ब-मध्ये लिहून कागद हेडमास्तरांपुढे ठेवला. त्यांनी बोट फिरवत पाहिलं. "लाइनीपलीकडची सगळी तुमच्याकडे ना? मग ही एकटी तिकडं का?"

"माझ्या वर्गात बाकं कमी पडतात," मी म्हणाले.

पहिलीच्या दोन्ही वर्गांत बाकं नव्हती. मुलं तरटावर बसत. हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मी घंटेच्या आधी वर्गात जाऊन तरटं झटकली.