आढ्यासाठी मागवलेलं मशीन

१४ मे २००८. कसालला जाऊन शनिवारसाठी मशीन ठरवायचं होतं. सकाळच्या एसटीने गेले. हायवेलगत गोदामं बांधणाऱ्या एका ठेकेदाराचं ऑफिस होतं. त्याच्याकडे एक टेलिहँडलर होता. पुढे दोन लोखंडी दात आणि लांब होत जाणारा हात असलेलं हे मशीन मी कुडाळला औद्योगिक वसाहतीत पत्रे चढवताना पाहिलं होतं. तेव्हाच मनात धरलं होतं.

ठेकेदार म्हणाला, "मिस्टर नाही आले?"

"त्यांना येता येत नाही. मला सांगा."

त्याने काय उचलायचंय ते विचारलं. मी सांगितलं, ऐनाच्या लाकडाचं आढं, बावीस फुटी, आणि नंतर कौलं. रस्ता किती रुंद, विचारलं. मी टेपने मापून आणला होता, साडेआठ फूट. वळणाला किती, हे मापलं नव्हतं. मशीन पूर्ण दिवसासाठीच मिळेल, अर्ध्या दिवसासाठी नाही, आणि सोमवारपासून ते रेडीला जाणार, तिथून कधी सुटेल ते माहीत नाही, असं तो म्हणाला. शेवटी म्हणाला, "ड्रायव्हर आमचा, बाकी माणसं तुमची." मी मान डोलावली. बाकी माणसं म्हणजे किती आणि कशाला, हे विचारलं नाही. एवढं सगळं मापून नेलेली बाई मी, नेमकं तेवढंच विचारलं नाही.

आमच्या घराचं जुनं आढं वाळवीने पोखरलं होतं. एप्रिलमध्ये कौलं उतरवली, वासे काढले, आणि आम्ही दोघं गोठ्यात राहायला गेलो. गाय आधीच विकली होती. नवरा दीड वर्षापूर्वी आंबे काढताना झाडावरून पडला होता. खुब्यात स्टीलची पट्टी घातलेली. वॉकर घेऊन चार पावलं टाकायचा. गोठ्याची जमीन मातीची, जूनमध्ये मिरग लागला की खालून पाणी पाझरतं. त्याला त्या ओलीत ठेवता येणार नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाच्या घरी तो गेला नसता. म्हणजे मिरगाच्या आधी छप्पर चढायला हवं होतं, आणि आढ्याशिवाय छप्पर नाही.

आमच्या वाडीत आढं चढवायला कुणी कुणाला बोलावत नाही. लाकूड घरापुढच्या खळ्यात येऊन पडलं की वाडीला कळतं. सुतार दिवस सांगतो, आणि त्या दिवशी घरटी एक बाप्या दोरी घेऊन येतो. नारळ फुटतो, आढं वर जातं, लोक भात-उसळ जेवून घरी जातात. हाताला हात दिला, एवढाच हिशेब. माझा नवरा वाडीतल्या प्रत्येक आढ्याला गेला होता, आणि खाली नाही, भिंतीच्या टोकावर बसायला. पण आता आमच्या घरातून पुढे कोण जाणार? मुलगी लग्न होऊन गेलेली. मी काही भिंतीवर चढणार नव्हते. जे परत देता येणार नाही ते घ्यायचं कशाला, असं माझं म्हणणं. दीड वर्ष लोकांनी डबे दिले, दवाखान्यात नेलं-आणलं. मला त्याचाच शीण आला होता.

म्हणून कसालहून आल्यावर संध्याकाळी मी वाडीत घरोघर गेले आणि सांगितलं, "शनवारी आढां चढवतंय. मशीन सांगलंय. तुमी कोणी येव नकात, कामां खोळंबतली."

बहुतेकांनी "बरा" म्हटलं. एकीने विचारलं, "मशीनाक जेवूक काय घालतलंस?" मी म्हटलं, "डिझेल." ती हसली, पण दारातून बाजूला झाली नाही, बस म्हणाली नाही.

शेवटचं घर शेजारच्या आबांचं. पंचाहत्तरीचे. त्यांच्याकडे माझं दुहेरी काम होतं, कारण रस्त्याच्या वळणावरचा गडगा, दगडी कुंपण, त्यांचा होता. वळण मी येताना मापलं होतं, मशीन वळणार नव्हतं. मी म्हटलं, "आबानू, गडग्याचे चार हात काढूचे लागतले. मी परत रचून देतंय."

ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "काढ. दगडच ते."

मग म्हणाले, "ह्या घराचां आढां चढला तेव्हा तुझो घोव वयर बसललो. मी खाली दोरी धरून होतंय."

"म्हणानच म्हटलंय, आबानू. आता तेंका येवक जमाचा नाय."

"तेका कोण ये म्हणता?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "माणूस गेलो की खांद्याक पण मशीनच सांगतलंस काय गो?"

घरी आले तर नवरा खाटेवर बसलेला. वाडीतून कुणीतरी त्याला आधीच सांगून गेलं होतं.

"नको सांगूक गेललंस?"

"होय."

"आढ्याक कोण बोलवूक जाणा नाय. आणि तू नको म्हणान सांगूक गेलंस."

"तुमका पावसात खंय ठेवू, ता सांगा."

तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मी भांडी घासली.

शनिवारी साडेसातला मशीन आलं. ड्रायव्हर बिहारचा, पन्नाशीचा, तोंडात तंबाखू, कमी बोलणारा. वळणावर मी आणि सुताराने गडगा आदल्या दिवशीच उघडला होता, तरी एक चाक अडकलं आणि आणखी दोन हात पाडावा लागला. नऊ वाजता मशीन आमच्या खळ्यात उभं राहिलं. सुतार आणि त्याचा जोडीदार, एवढे दोघेच आमच्याकडे. मी नारळ फोडला. ड्रायव्हरने आढं दातांवर घेतलं, मधोमध तोललं, आणि काही कष्ट न पडता वर नेलं. आठ माणसांचं ओझं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमच्या घराला आढ्यासाठी तीन खाचा होत्या, दोन टोकांच्या निमुळत्या भिंतींवर आणि एक मधल्या भिंतीवर. आढं तिन्ही खाचांत एकदम उतरायला हवं. सुतार एका टोकाला चढला होता, त्याचा जोडीदार दुसऱ्या. मध्ये कुणी नाही. आढं वर तरंगत आलं, दातांवर जरासं फिरलं, आणि त्याचं टोक सुताराच्या बाजूच्या भिंतीला लागलं. वरचे दोन चिरे सुटले. एक आत पडला, रिकाम्या खोलीत. सुतार परांचीला धरून बसला.

ड्रायव्हरने ताबडतोब आढं खाली घेतलं आणि इंजिन बंद केलं.

"भाभीजी, मशीन उठा देगी. बिठाने के लिए ऊपर आदमी चाहिए. छह तो चाहिए ही."

मी सुताराकडे पाहिलं. "तुमी दोघां नाय करू शकणास?"

"माका दोन हात आसत, वैनी. एकान भिंत धरतंय, एकान जीव धरतंय. आढां कशान धरू?"

"ह्या माका आधी सांगूक होया होता."

"तुमी विचारलास खंय? मशीन येता म्हटलास. माका वाटला मशीनाबरोबर माणसां येतली."

आबांच्या घरापुढच्या ओट्यावर सकाळपासून पाच-सहा बाप्ये बसले होते. वाडीतलेच. मशीन बघायला आले होते आणि आमच्या हद्दीत पाऊल टाकत नव्हते, कारण मी तसं सांगितलं होतं. मधे गडगा उघडाच होता. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. ते आमच्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. त्यांनी चहा प्यायला, पत्ते काढले.

मी हाक मारली नाही. का, ते आता नीट सांगता येणार नाही. उन्हाने डोकं धरलं होतं, ड्रायव्हर घड्याळ बघत होता, आणि आपण येऊ नका म्हणून सांगितलेल्या माणसांना त्यांचे पत्ते चालू असताना ओरडून बोलवायचं, हे माझ्याने होईना. गोठ्याच्या दारात नवरा वॉकर धरून उभा होता. त्याने बोलावलं असतं तर सगळे उठले असते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि तो माझी वाट बघत होता.

दिवस फुकट घालवायचा नाही म्हणून मी ड्रायव्हरला कौलं चढवायला सांगितलं. मशीनने ती गठ्ठ्यांनी पुढच्या परांचीवर नेऊन ठेवली. आढं नसलेल्या घराला कौलं तयार. चार वाजता सुतार खाली उतरून म्हणाला, "पुरे झाला, परांची वाकता." ड्रायव्हरने चहा घेतला, सही घेतली, आणि मशीन पाडलेल्या गडग्यातून मागे मागे जात रस्त्याला लागलं. सोमवारी ते रेडीला जाणार होतं. आढं खळ्यात पडलं होतं, जिथे चार दिवस पडलं होतं तिथेच.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विचारलं, "आता?"

"सकाळी जातंय."

"खंय?"

"सगळ्यांकडे."

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "पयले आबांकडे जा. मगे बाकीचे 'आबा येतत काय' म्हणान इचारतले."

मी दीड किलो चवळी भिजत घातली आणि आडवी झाले.

सकाळी साडेपाचला आबांकडे गेले. ते अंगणात दात घासत होते. बस म्हणाले नाहीत, चूळ भरेपर्यंत मी उभी राहिले.

"आबानू, चुकलंय मी. आढां चढवचां आसा. येवा."

"मशीन खंय गेला?"

"कसालाक."

"कशाक?"

"उचलल्यान. पण बसवक येणा नाय तेका."

त्यांनी तोंड पुसलं. "आमी बघलंव ता."

"बघलास तर माका कशाक विचारतास?"

"तुझ्या तोंडान ऐकाक." मग म्हणाले, "मी चढूचंय नाय हां. दोरी धरतंय. कितक्याक?"

"आठाक."

"आठाक ऊन चढता. सातांक ये म्हण सगळ्यांक."

तिथून मी पुढच्या दहा घरी गेले. दहाही घरांत पहिला प्रश्न तोच, मशीन खंय गेला. सगळ्यांनी ते जाताना पाहिलं होतं. मी दहाही ठिकाणी सांगितलं, कसालला गेलं, बसवता येत नाही त्याला, तुम्ही या. मशीनच्या जेवणाचं विचारणारीने मला बसवून घेतलं, चहा दिला आणि म्हणाली, "पानां किती होयी जेवूक? माझ्याकडची केळीची काढून देतंय." मी पंधरा सांगितली.

परत आले तेव्हा सात वाजायला आले होते. चौघंजण खळ्यात येऊन आढ्याला दोऱ्या बांधत होते आणि काल सुटलेले चिरे सुतार परत बसवत होता. नवऱ्याची खुर्ची मी गोठ्यातून काढून खळ्यात सावलीला ठेवली, त्याला धरून तिथवर आणलं, आणि तांदूळ धुवायला घेतले.